शाळेची घंटा आणि साथीचे आजार

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, तेव्हा घराघरांत एक यादी तयार होते. वह्या, दप्तर, गणवेश, रेनकोट, डबा, पाण्याची बाटली, रिक्षावाल्याचे ठरलेले पैसे. या यादीत एक वस्तू सहसा नसते, ती म्हणजे मुलाचे लसीकरण कार्ड. ते कपाटात किंवा गादीखाली कुठेतरी असते, आणि शाळा सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की घरातले एकेक मूल आळीपाळीने अंथरुणाला लागते. मग अम्मी म्हणते, "शाळा सुरू झाली, आजारपण सुरू झाले."

अम्मीचे हे म्हणणे खोटे नाही. शास्त्रज्ञांनी शंभर वर्षांच्या नोंदी तपासून हेच सांगितले आहे. प्रश्न एवढाच आहे की त्यातून आपण धडा कोणता घ्यायचा. शाळेला घाबरायचे, की शाळेत पाठवण्याआधी तयारी करायची? या लेखात आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

जुने नाते

गोवराची लस येण्यापूर्वी इंग्लंडमध्ये साधारणपणे दर दोन वर्षांनी गोवराची मोठी साथ येत असे. तिथे आठवड्या-आठवड्याच्या नोंदी ठेवण्याची पद्धत होती. त्या नोंदी पुढे अभ्यासकांनी शाळेच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. शाळांना सुट्टी लागली की गोवराचा फैलाव मंदावतो आणि नवे सत्र सुरू झाले की तो पुन्हा जोर धरतो. थंडी किंवा पावसापेक्षाही शाळेच्या घंटेशी या आजाराचे नाते घट्ट होते.

२००९ साली स्वाइन फ्लूच्या वेळी हेच पुन्हा दिसले. इंग्लंडमध्ये जुलै महिन्यात रुग्ण झपाट्याने वाढत होते. जुलैच्या अखेरीस उन्हाळी सुट्टी लागली आणि आकडे खाली आले. सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्या आणि दुसरी लाट सुरू झाली. आपल्याकडे त्याच वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. स्वाइन फ्लूने झालेला तो देशातला पहिला मृत्यू होता. त्यानंतर पुणे आणि मुंबईतील शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या होत्या, हे अनेक वाचकांना आठवत असेल.

असे का होते? एका वर्गात चाळीस-पन्नास मुले पाच-सहा तास एकत्र बसतात. एका बाकावर तिघे-चौघे. डबा वाटून खातात, पेन्सिल तोंडात घालतात, खोकताना तोंडावर हात धरण्याचे भान त्यांना नसते. शाळा सुटली की तीच मुले एका रिक्षात दाटीने बसून घरी येतात. दुपारी शिकवणी आणि असरनंतर मकतब. म्हणजे आपले एक मूल दिवसभरात तीन-चार वेगवेगळ्या घोळक्यांत मिसळते. संध्याकाळी ते घरी येते, तेव्हा घरी दादी असते, पाळण्यातले तान्हे असते, कदाचित गरोदर भाभी असते. वर्गात पन्नास मुले बसतात तेव्हा खरे तर पन्नास घरे एका खोलीत येतात. साथीला हेच हवे असते.

मग शाळा बंदच ठेवाव्यात का?

हा सरळ वाटणारा उपाय आहे. पण इतिहास सांगतो की तो तितका सरळ नाही.

१९१८ च्या भयंकर इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकेतील बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्कने मात्र त्या चालू ठेवल्या. तेथील आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड आणि बालआरोग्य विभागाच्या प्रमुख डॉ. जोसेफिन बेकर यांचा हिशेब वेगळा होता. शहरातली जवळपास दहा लाख मुले शाळेत जात होती आणि त्यांतली बहुतेक दाटीवाटीच्या, अंधाऱ्या, कोंदट चाळींत राहत होती. शाळा बंद झाली तर ही मुले जाणार कुठे? त्याच कोंदट खोल्यांत आणि गल्ल्यांत. त्यापेक्षा शाळेची इमारत हवेशीर होती. रोज सकाळी शिक्षक प्रत्येक मुलाकडे नजर टाकत. कुणी आजारी दिसले की त्याला लगेच वेगळे बसवून तपासले जाई आणि घरी पाठवले जाई. त्या साथीत न्यूयॉर्कचा मृत्युदर बोस्टन आणि फिलाडेल्फियापेक्षा कमी राहिला. याचे श्रेय एकट्या शाळांना देता येणार नाही. पण शाळा उघड्या ठेवल्याने शहर बुडाले नाही, एवढे नक्की.

गोवंडी, मुंब्रा, भिवंडी, मालेगाव येथील वस्त्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना डॉ. बेकर यांचा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे राहत असतील, तर "घरीच सुरक्षित राहा" या सल्ल्याला फारसा अर्थ उरत नाही.

दुसरे उदाहरण हाँगकाँगचे. मार्च २००८ मध्ये फ्लूची साथ आली म्हणून तिथे प्राथमिक शाळा दोन आठवडे बंद ठेवल्या गेल्या. नंतर अभ्यासकांनी आकडे तपासले, तेव्हा बंदचा ठळक परिणाम दिसला नाही, कारण शाळा बंद होईपर्यंत साथ आपोआप ओसरायला लागली होती. उशिरा घातलेले कुलूप फार उपयोगाचे नसते.

कोरोनाने काय शिकवले

२०२० मध्ये जगभरातील १६० कोटींहून अधिक विद्यार्थ्यांच्या शाळा बंद झाल्या. त्यानंतर त्या कशा उघडाव्यात, याचे दोन वेगवेगळे नमुने जगाने पाहिले.

डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० रोजी लहान मुलांच्या शाळा उघडल्या. मुलांचे छोटे गट केले, एका गटाने दुसऱ्यात मिसळायचे नाही असे ठरवले, वारंवार हात धुण्याची सोय केली आणि शक्य तेवढे तास मोकळ्या आवारात घेतले. रुग्णसंख्येत उसळी आली नाही.

इस्रायलमध्ये मे महिन्याच्या मध्यावर सर्व इयत्ता एकदम सुरू झाल्या. वर्गात ३५ ते ३८ मुले. त्याच आठवड्यात कडक उन्हाची लाट आली, म्हणून मास्कची सक्ती काही दिवस उठवली गेली. खिडक्या बंद करून वातानुकूलन यंत्रे सुरू झाली. जेरुसलेममधील एकाच माध्यमिक शाळेत १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी बाधित निघाले.

विषाणू तोच आणि वर्षही तेच. फरक होता तो शाळा कशी उघडली याचा. गर्दी, बंद खिडक्या आणि घाई यांनी एका ठिकाणी घात केला. मोकळी हवा आणि छोटे गट यांनी दुसऱ्या ठिकाणी वाचवले. शिवाय प्रौढांमध्ये साथ किती पसरलेली आहे, यावरही बरेच काही अवलंबून होते. गावात साथ आटोक्यात असेल तर शाळेत ती कमीच येते. गावात ती पेटलेली असेल तर शाळेचा दरवाजा तिला अडवू शकत नाही.

महाराष्ट्राने सावधपणे पावले टाकली. जुलै २०२१ मध्ये कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले. ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि शहरांत आठवी ते बारावी सुरू झाली. डिसेंबरमध्ये लहान मुलांना परवानगी मिळाली. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे शाळा पुन्हा बंद झाल्या आणि २४ जानेवारीपासून परत उघडू लागल्या. त्या वेळी अनेक पालकांच्या मनात धास्ती होती. पण मुंबईत तोपर्यंत लाट उतरणीला लागली होती आणि शाळा उघडल्यानंतरही आकडे उतरतच राहिले.

या सगळ्या काळात मुलांचे काय झाले, तेही पाहायला हवे. ‘असर’ या देशव्यापी पाहणीनुसार २०१८ मध्ये तिसरीतील २७.३ टक्के मुलांना दुसरीचा धडा वाचता येत होता. २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर आले. घरात एकच मोबाइल आणि तो अब्बांबरोबर कामावर गेलेला, अशा घरांत ऑनलाइन शिक्षण कसे झाले हे आपण जाणतो. मुले हॉटेलात, गॅरेजमध्ये, पॉवरलूमवर कामाला लागली, ती सगळीच परत आली नाहीत. आणि शाळा सुटलेल्या मुलीच्या बाबतीत दप्तराऐवजी लग्नाची बोलणी सुरू होणे, हे आपल्या समाजाला नवे नाही. म्हणून "आजार येतो, तर शाळा नको" हे गणित आम्हाला मान्य नाही. त्या गणितात सर्वात मोठी किंमत गरीब घरातली मुलगी मोजते.

गोवंडीचा धडा

शाळा उघडली तेव्हा खरा धोका कोणत्या बाजूने आला, हे २०२२ च्या अखेरीस मुंबईत दिसले. ऑक्टोबरमध्ये गोवंडी परिसरात एकाच कुटुंबातील तीन बालके दोन दिवसांच्या आत दगावली. त्यानंतर कळले की वस्तीत गोवर पसरला आहे. पुढच्या काही आठवड्यांत मुंबईच्या इतर भागांत, भिवंडीत आणि मालेगावात रुग्ण सापडत गेले. केंद्राचे पथक आले, राज्याने कृती दल नेमले, मशिदींतून लसीकरणाचे आवाहन झाले.

आजारी पडलेल्यांत बहुतेक मुले पाच वर्षांखालची होती, म्हणजे शाळेत न जाणारी. म्हणून गोवर शाळांनी आणला असे म्हणणे चुकीचे ठरेल. खरी गोष्ट अशी की टाळेबंदीच्या दोन वर्षांत अनेक बालकांचे डोस चुकले होते. घराबाहेर पडायची भीती होती, आरोग्यसेविका कोरोनाच्या कामात अडकल्या होत्या, बरीच कुटुंबे गावी गेली होती. हे केवळ इथेच घडले नाही. २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे चार कोटी बालकांचा गोवर लसीचा एखादा डोस चुकला. लोक घरात होते तोवर ही उणीव झाकलेली राहिली. मग बाजार, शाळा, लग्ने, प्रवास सगळे पूर्ववत झाले आणि विषाणूला मोकळे रान मिळाले.

गोवराइतका संसर्गजन्य आजार क्वचितच दुसरा असेल. ज्यांना प्रतिकारशक्ती नाही अशा लोकांमध्ये एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून मूल आजार पसरवू लागते. तेव्हा त्याला नुसता ताप आणि सर्दी असते, आणि आपण त्याला एक गोळी देऊन शाळेत पाठवतो. शाळेतल्या मोठ्या भावाला गोवर हलका होऊन जाईल. पण तो घरी आणेल ते पाळण्यातल्या बहिणीसाठी. नऊ महिन्यांपूर्वी तिला नेहमीची लस मिळत नाही. तिचे रक्षण तिच्या भोवतीच्या मुलांनी लस घेतलेली असण्यावरच अवलंबून आहे. वस्तीतल्या ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळालेले असतील तरच गोवराची साखळी तुटते.

मनातल्या शंका

आम्हाला ठाऊक आहे की आपल्या काही घरांत लसीबद्दल शंका आहेत. २७ नोव्हेंबर २०१८ पासून राज्यात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम शाळाशाळांतून राबवली गेली, तेव्हा मोबाइलवर नाना अफवा फिरल्या. या लसीने मुले पुढे नापत्य होतील, असेही सांगितले गेले. त्याला काडीचाही आधार नाही. ही लस अनेक दशकांपासून जगभर दिली जात आहे, मुस्लिम देशांतही दिली जाते, आणि लस घेतलेल्या पिढ्या आज स्वतः आई-वडील झाल्या आहेत.

दुसरी शंका हलाल-हरामची. तिची टर उडवू नये, तिला उत्तर द्यावे. इंडोनेशियात २०१८ मध्ये हाच प्रश्न उभा राहिला होता, आणि लस होती आपल्या पुण्यात बनलेली. तेथील उलेमा परिषदेने स्पष्ट सांगितले की उत्पादनात डुकरापासूनचा घटक वापरला गेला आहे. पण दुसरा पर्याय उपलब्ध नाही आणि मुलांच्या जिवाला धोका आहे, म्हणून जरूरत या तत्त्वाने ही लस घेणे मुबाह आहे. त्याआधी १९९५ मध्ये कुवेतच्या इस्लामी वैद्यकीय संस्थेच्या परिषदेत जमलेल्या विद्वानांनी जिलेटिनसारख्या पूर्णपणे रूपांतरित झालेल्या पदार्थाबाबत सवलतीचे मत दिले होते. ज्यांना आणखी खात्री हवी असेल त्यांनी आपल्या मस्जिदीच्या इमाम साहेबांना आणि डॉक्टरांना एकाच बैठकीत विचारावे. मोबाइलवर आलेल्या निनावी निरोपाला मात्र फतवा समजू नये.

तिसरे वाक्य आपण फार ऐकतो, "नशिबात असेल ते होईल." हजरत उमर (र.) शामच्या सीमेवर पोहोचले असताना पुढे प्लेग असल्याचे त्यांना कळले आणि ते मागे वळले. तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न विचारला गेला होता. त्यांच्या उत्तराचा आशय असा की आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. आणि पैगंबर (स.) यांनी आजारी उंट निरोगी उंटांमध्ये आणू नयेत, अशी शिकवण दिली. उंटांसाठी जी काळजी सांगितली, ती मुलांसाठी घेणे हे तर आपले कर्तव्यच आहे.

शाळा उघडण्याआधी घरात

लसीकरण कार्ड शोधा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत द्यायचा असतो. चुकला असेल तर सरकारी केंद्रात तो पाच वर्षांपर्यंत मोफत मिळतो. पाच-सहा वर्षांच्या वयात, म्हणजे नेमके पहिलीच्या सुमारास, डीपीटीचा बूस्टर असतो. हा डोस सर्वाधिक विसरला जातो. १० आणि १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाचा टीडी डोस असतो. घटसर्प संपला असे समजू नका. २०१६ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात त्याने किशोरवयीन मुलांचे बळी घेतले. गालगुंड आणि कांजिण्यांची लस सरकारी कार्यक्रमात नाही. परवडत असेल तर तिच्याविषयी डॉक्टरांना विचारा.

आजारी मुलाला घरी ठेवा. ताप असेल तर औषधाशिवाय ताप उतरून २४ तास होईपर्यंत. जुलाब-उलट्या असतील तर त्या थांबून दोन दिवस होईपर्यंत. गोवरात पुरळ उठल्यापासून किमान चार दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस, आणि कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. डोळे आले असतील तर मुलाचा टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा करा. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीत मुलांमध्ये डोळ्यांची साथ कशी झपाट्याने पसरली, ते राज्याने पाहिले आहे. शाळेला सुट्टी म्हणजे मकतबला आणि शिकवणीलाही सुट्टी, हे विसरू नका.

गोवराची शंका आली तर घरगुती उपचारांवर विसंबून थांबू नका. गोवरात अ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठच्या दिवशी दिले जातात. त्याने मुलांचे डोळे आणि प्राण वाचतात. घरात कुणी गरोदर असेल तर पुरळ आलेल्या मुलापासून तिला दूर ठेवा, कारण रुबेला पोटातल्या बाळाला इजा करतो.

शाळेत आणि मकतबमध्ये

पालक सभेत फक्त फी आणि निकालाची चर्चा होऊ नये. वर्गाच्या खिडक्या उघडतात का? नळाला पाणी आणि तिथे साबण आहे का? आजारी मुलाला बसवायला वेगळी जागा आहे का? शंभर टक्के हजेरीचे बक्षीस देणाऱ्या शाळांना विनंती करा की आजारपणाची सुट्टी त्यातून वगळावी, नाहीतर त्या बक्षिसासाठी मूल तापातही शाळेत येते. एखाद्या वर्गात दोन-तीन मुलांना सारखेच पुरळ दिसले तर मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवावे. यात शाळेची बदनामी नाही. लपवण्यात मात्र मुलांचा जीव जाऊ शकतो.

मकतब आणि निवासी मदरशांच्या चालकांनाही आमची हीच विनंती आहे. तिथे मुले दूरदूरच्या गावांहून येतात आणि एकत्र झोपतात, एकत्र जेवतात. प्रवेशाच्या वेळी जसे आधार कार्ड पाहता, तसे लसीकरण कार्डही पाहा. वुझूसाठी दिवसातून पाच वेळा हात धुण्याची सवय आपल्या मुलांना आहेच. तिथे साबणाची वडी ठेवली की निम्मे काम झाले.

शाळा उघडल्या की विषाणूही फिरू लागतात, हे टळणार नाही. पण ते कुणाच्या घरात शिरतील आणि तिथे काय करून जातील, हे बरेचसे आपल्या तयारीवर ठरते. मुलाला शाळेत पाठवणे आणि त्याला निरोगी ठेवणे यांतले एक निवडायची वेळ आपल्यावर येऊ नये, एवढी तयारी आपण नक्की करू शकतो. मुले ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. आज रात्री जेवणे झाली की ते कार्ड शोधायला बसा. एखादा रकाना रिकामा दिसला, तर इन्शाअल्लाह या आठवड्यात तो भरून घ्या. आणि शेजारच्या घरातही विचारा.